नेरूलला नदीकाठचा 'पोर्तुगीज पद्धतीचा' फ्लॅट: घ्यावा का?

पेन्शनर_पुणे
नेरूल म्हणजे गोव्यातलं, बार्देश तालुक्यातलं, नवी मुंबईतलं नव्हे. मार्चमध्ये निवृत्त होतोय. परवा बायकोबरोबर नदीकाठचा सॅम्पल फ्लॅट बघून आलो. पिवळ्या भिंती, पांढऱ्या कडा, शिंपल्यांच्या खिडक्या, उतरतं कौलारू छप्पर आणि पुढे बाल्कांव, म्हणजे दारापुढची ओसरी. त्यातल्या सोप्यावर, म्हणजे बसायच्या कट्ट्यावर, बायको बसली ती उठायलाच तयार नाही. तिसरा, म्हणजे सगळ्यात वरचा मजला, समोर नदी. किंमत सांगत नाही, हसाल. भिंती कशाच्या विचारलं तर विक्रीवाला मुलगा म्हणतो, "सर, हेरिटेज फिनिश." हे काय उत्तर झालं? टोकन अजून दिलेलं नाही.

हळदोण्याचा_भाचा
काका, दिलं नाहीत ते बरं केलंत. माझ्या आजोळी चिऱ्याच्या हातभर जाड भिंती, वर वासे-रिपा आणि त्यांवर नुसती मांडलेली कौलं. फटींतून गरम हवा निघून जायची. कौल फुटलं की मामा पावसाआधी शिडी लावून बदलायचे, विषय संपला. आता बहुतेक ठिकाणी काँक्रीटचा उतरता स्लॅब टाकून त्यावर सिमेंटात कौलं बसवतात. बाहेरून दिसतं तेच, पण दिवसभर तापलेला स्लॅब रात्री तुमच्या डोक्यावर निवतो. आणि गळायला लागला तर पाणी शिरतंय कुठून, देवाला ठाऊक. तुम्ही वरचाच मजला घेताय म्हणून एवढं लिहिलं.

शिंपले नखाने वाजवून बघा, प्लास्टिक लगेच कळतं. आणि आमचा बाल्कांव रस्त्याकडे तोंड करून असायचा. पोदेर पाव द्यायला आला की आजी तिथेच बसून गावभरच्या बातम्या काढायची. तिसऱ्या मजल्यावर असते ती गॅलरी!

ओहोटी
मी अशाच एका इमारतीत राहते, बिल्डरचं नाव घेत नाही. दुसऱ्याच पावसाळ्यात बेडरूमच्या छताला ओल आली. बिल्डर म्हणाला, "गोव्यात चालायचंच." रेरा कायद्याप्रमाणे ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामाचा दोष कळवला, तर त्याने ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. हे लेखी कळवल्यावर माणसं आली. तक्रार तोंडी कधीच करू नका.
नदीचं म्हणाल तर भरतीला फोटो काढावा अशी. ओहोटीला गाळाचा वास येतो, मला आता सवय झालीय. समोरची खारफुटी दर वर्षी वाढते आणि ती तोडता येत नाही. पहिल्या मजल्यावरच्यांची नदी केव्हाच गेली.

सातबारा_वाचक
गोव्यात सातबारा नाही, नमुना १ व १४ मागा. जमिनीची सनद, म्हणजे बिनशेती वापराची परवानगी, बघा. जागा खाजनात, म्हणजे बांध घालून भरतीचं पाणी अडवलेल्या सखल जमिनीत, भराव घालून केलेली नाही ना, हे गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा. मग सीआरझेड, म्हणजे पाण्याकाठच्या बांधकामावर निर्बंध असलेला पट्टा. २०११ च्या अधिसूचनेत भरतीचं पाणी येणाऱ्या नदीला हा पट्टा १०० मीटर किंवा पात्राची रुंदी, यांतलं कमी ते धरलंय. २०१९ च्या अधिसूचनेत १०० चे ५० झाले. तुमच्या सर्व्हे नंबराला कुठला नकाशा लागू आहे आणि परवानगी कशावर घेतलीय, ते कागदावर दाखवायला सांगा.

पेन्शनर_पुणे
सगळ्यांचे आभार. शनिवारी परत जातोय, भर दुपारी आणि ओहोटीची वेळ बघून. यादी केलीय: स्लॅब, सनद, सीआरझेड, शिंपले. बायको म्हणते, काय वाजवायचं ते वाजवा, बाल्कांवाला गॅलरी मात्र म्हणू नका.