थर्माकोलच्या किल्ल्यावर मावळे पक्के कसे बसवायचे?

प्रश्न: मंडळी, लेकीबरोबर प्रतापगड करतेय, प्लायवर थर्माकोल आणि वरून मातीचा थर, दिवाळीनंतर मोडायचा नाहीये म्हणून. पण दीड इंची प्लास्टिकचे मावळे उभेच राहत नाहीत, काल इन्स्टंट ग्लू लावला तर थर्माकोलच विरघळलं, बुरुजावर खड्डा! काय करू?

उत्तर १: ताई, तो ग्लू थर्माकोल खातोच, तिथे फेविकॉलच वापरा. पण नुसत्या चिकटवण्यावर राहू नका, पायात तार घाला. १ मिमीचं ड्रिल बिट हातानेच फिरवून टाचेतून वर ५-६ मिमी भोक पाडा, त्यात सरळ केलेल्या पेपर क्लिपचा तुकडा अराल्डाइटने (दोन ट्यूब मिसळून लावायचा ग्लू) बसवा, दोन्ही ट्यूबमधलं सारखंच घ्यायचं आणि रात्रभर हात लावायचा नाही. खाली इंचभर तार सोडा, फेविकॉलमध्ये बुडवून खोचा. घाई केलीत तर हलणारच.

उत्तर २: +१. तळव्यावरचा रंग खरवडा हां आधी, नाहीतर ग्लू रंगाला धरतो आणि रंगासकट मावळा निघून येतो. मातीचे मावळे असतील तर ड्रिल अजिबात नको, पाय तुटतो, त्यांची बैठकच मातीच्या थरात थोडी रुतवा.

प्रश्नकर्ती: खड्डा माती-फेविकॉलने बुजवला, आज तारेवर पहिला भालदार उभा राहिला, लेक जाम खूश!