जुनं हिप-हॉप ऐकून पोरं जांभया देतात, दोष कुणाचा?

जर्सीकर

परवा गाडीत रॅपर रकीम लावला होता, डीजे एरिक बी बरोबरचा १९८७ चा ‘पेड इन फुल’ अल्बम. शेजारी सोळा वर्षांची कन्या. दीड मिनिट सहन केलं आणि विचारती झाली, "बाबा, हे सुरू कधी होतं?" म्हटलं, अगं हेच ते. "म्हणजे हा असाच बोलत राहणार?" पुढचा रस्ता ती तिच्या हेडफोनात आणि मी माझ्या दुःखात.

रकीमच्या आधी बहुतेक मंडळी ओळीच्या टोकाला यमक जुळवून मोकळी व्हायची. याने ओळीच्या पोटात यमकं पेरली आणि वाक्य ओळीबरोबर संपलंच पाहिजे हा नियम मोडला. मूळचा सॅक्सोफोन वाजवणारा माणूस, श्वास कुठे घ्यायचा हे त्याला पक्कं ठाऊक. आज सगळेच तसं करतात, म्हणून ज्याने सुरू केलं तोच सपक वाटतो!

दुसरं कारण कोर्टाचं. १९८८ मध्ये पब्लिक एनिमी ग्रुपवाले एकेका गाण्यात जुन्या तबकड्यांचे कितीतरी तुकडे एकावर एक रचायचे. १९९१ साली रॅपर बिझ मार्कीने विनापरवाना वापरलेल्या तुकड्यावर न्यूयॉर्कच्या कोर्टाने निकाल दिला, त्याची सुरुवातच बायबलातल्या ‘चोरी करू नकोस’ या आज्ञेने. तिथून प्रत्येक तुकड्याला परवानगी आणि पैसे. तो गच्च आवाज परवडेनासा झाला, आणि पोरांच्या कानांना त्याची सवयच लागली नाही.

पण सवय लावून घ्यायचीही इच्छा नाही. २०१६ मध्ये लिल याटीने सरळ सांगितलं की टुपाक आणि बिगी या नव्वदीतल्या बड्या रॅपर्सची पाच गाणीही आपल्याला सांगता येणार नाहीत. स्वतः रॅपर! याला मी आवडनिवड म्हणत नाही, शिकायचा कंटाळा म्हणतो. बोला.

खडूस_काका

शंभर टक्के सहमत. हल्लीचे तोंडात तंबाखूचा बार धरून गातात. १९८२ चं ‘द मेसेज’ ऐका. फुटक्या काचा, उंदीर, झुरळं, थकलेले हप्ते, सगळी वस्ती डोळ्यांपुढे उभी राहते आणि एक शब्द सुटत नाही. आताच्या गाण्यात घड्याळाची किंमत तेवढी कळते.

बीट_बोक्या

वय २१, मुक्काम पुणे, म्हणजे आरोपीच्या पिंजऱ्यात मीच.

काका, ‘द मेसेज’ करायला तो ग्रुपच, ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्ह, तयार नव्हता. लोक नाचायला येतात, त्यांना हे रडगाणं कोण ऐकवणार, असं त्यांचं म्हणणं. शेवटी गाण्यात मुख्य आवाज दोन: ग्रुपमधला मेली मेल आणि कंपनीच्या वादकांपैकी ड्यूक बूटी. नाव ग्रुपच्या डीजेचं, ग्रँडमास्टर फ्लॅशचं, आणि त्याचा त्यात जवळपास हातच नाही. हे आज कुणी केलं असतं तर तुम्हीच पहिले ‘फसवणूक’ म्हणून ओरडला असतात.

आता धागाकर्ते जर्सीकर. ‘ओल्ड स्कूल’ हा शब्द काटेकोर वापरायचा तर तो साधारण १९८३-८४ पर्यंत. रन-डीएमसी ग्रुपवाले आले आणि आधीच्यांना जुनं करून टाकलं. तुमचा रकीम त्यानंतरचा, त्याच्या काळातला नवा पोरगा. आणि हिप-हॉपच्या जन्मापासूनची, १९७३ ते १९७९ या काळाची म्हणावी अशी तबकडीच नाही, हातोहात फिरलेल्या कॅसेटी तेवढ्या. १९७९ ला शुगरहिल गँग या ग्रुपचं ‘रॅपर्स डिलाइट’ गाजलं तेव्हा न्यूयॉर्कच्या ब्राँक्सची मूळ मंडळी चिडली होती. का? तर हे कोण शेजारच्या न्यू जर्सीतून उगवलेले! त्यातल्या बिग बँक हँकने तर रॅपर ग्रँडमास्टर कॅझची वही उसनी घेऊन त्याचे शब्द जसेच्या तसे म्हटले, इतके की कॅझने स्वतःचं नाव जिथे स्पेलिंगसकट घातलं होतं तेही तसंच राहिलं. म्हणजे ‘हे खरं हिप-हॉप नाही’ ही तक्रार पहिल्या हिट गाण्याइतकीच जुनी. आणि बिघडवायला सुरुवात जर्सीवाल्यांनी केली हेही नोंदवून ठेवतो :)

शब्द कळत नाहीत म्हणता. मी दर वेळी शब्दांसाठी ऐकतच नाही. आवाज हेही वाद्य आहे. आणि आमच्या ट्रॅपचा, म्हणजे हल्लीच्या रॅपचा, तो पोटात घुमणारा खर्ज येतो कुठून? टीआर-८०८ नावाच्या १९८० च्या ड्रम मशीनमधून. बाजारात ते आपटलं, सेकंडहँड स्वस्तात मिळू लागलं, १९८२ ला ‘प्लॅनेट रॉक’ या गाण्यात वाजलं आणि आजतागायत वाजतंय. जुनं आम्ही रोज ऐकतो. फक्त त्याच्यापुढे हात जोडून बसत नाही.

सुई_आणि_तबकडी

दोघांचंही अर्धं-अर्धं पटलं. मी तबकड्या जमवतो, त्यामुळे जरा हाताने करायच्या गोष्टीबद्दल बोलतो.

११ ऑगस्ट १९७३ ला ब्राँक्समध्ये १५२० सेजविक अव्हेन्यूच्या इमारतीत डीजे कूल हर्कने पार्टीत तबकड्या लावल्या, ही कथा सगळ्यांना पाठ. त्याच्या डोक्यातली गोष्ट साधी होती: लोक गाण्याच्या ज्या तुकड्यात फक्त ढोल उरतो तिथेच तुटून पडतात, मग तोच तुकडा लांबवायचा. पुढे त्याने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या घेतल्या. एकीवरचा तुकडा संपत आला की दुसरीवर तोच सुरू करायचा, तोवर पहिली मागे फिरवायची. फ्लॅशने ते काटेकोर केलं, तबकडीवर खडूने खूण करून किती फेरे मागे जायचं ते मोजायला लागला.

गेल्या दिवाळीत माझ्या भाच्याला, वय १७, हे दाखवलं. लेबलवर पिवळी रेघ ओढून दिली. डाव्या हाताने तबकडी उलटी फिरवायची, उजव्या हाताने दुसरी बोटाने अडवून धरायची आणि मात्रेवर सोडायची. पहिल्यांदा सुई घसरली. मग आठव्या-नवव्या वेळपर्यंत दोन ढोल एकमेकांच्या पायात पाय घालून पडत होते. एकदा जमलं, चार आवर्तनं सलग, आणि तो कुजबुजला, "मामा, याला बटण नव्हतं?" नव्हतं रे बाबा. जेवणाची हाक तीनदा आली तरी उठला नाही.

पण यातून तो जुनी गाणी ऐकायला लागला असं समजू नका. नाही ऐकत. फेरे मोजणं आवडलं, गाणी नाही आवडली.

जर्सीकर, कोर्टाचा मुद्दा तुम्ही पोरांवर ढकलू नका. डे ला सोल या ग्रुपचा १९८९ चा पहिला अल्बम त्या तुकड्यांच्या जुन्या करारांपायी मार्च २०२३ पर्यंत स्ट्रीमिंगवर नव्हता. तुमच्या कन्येच्या पिढीचं निम्मंअधिक बालपण तो फोनमध्ये सापडतच नव्हता. दुकानात ठेवला नाही तो माल गिऱ्हाइकाने घेतला नाही म्हणून रागवायचं कुणावर?

ठाण्याची_वैदेही

इथवरच्या प्रतिसादांत बायका किती आल्या? एक कन्या, तीही जांभई द्यायला.

११ ऑगस्टची ती पार्टी हर्कने नाही, त्याची बहीण सिंडी कॅम्पबेलने ठेवली होती. शाळा सुरू व्हायच्या आधी नवे कपडे घ्यायला पैसे हवे होते म्हणून. मुलींना २५ सेंट, मुलांना ५०, असे दर तिने लावले. ‘रॅपर्स डिलाइट’ आणि ‘द मेसेज’ ज्या कंपनीने काढली तिच्यामागे सिल्व्हिया रॉबिन्सन. नको म्हणणाऱ्या ग्रुपच्या मागे लागून तिने ‘द मेसेज’ करून घेतलं. १९८४ ला रोक्झॅन नावाच्या मुलीवर मुलांनी टोमणे मारणारं गाणं काढलं, त्याला उत्तर दिलं न्यूयॉर्कच्या क्वीन्सब्रिजच्या १४ वर्षांच्या मुलीने, रोक्झॅन शांते. लाँड्रीत कपडे घेऊन निघाले होते, वाटेत रेकॉर्ड केलं, असं ती स्वतः सांगते.

तुमच्या मुलीला रकीमची यमकं समजावण्याआधी हे ऐकवलंत का? बाप जे ग्रेट म्हणून पुढे करतो त्यात मुलीला स्वतःचं कुणीच दिसत नसेल, तर ती हेडफोन घालणारच. मीही घातले असते.

खडूस_काका

विषय भरकटतोय. प्रश्न शब्दांचा होता.

बीट_बोक्या

बरं, शब्द. २०१८ चं संगीताचं पुलित्झर रॅपर केंड्रिक लामारला मिळालं. आमच्याच काळातला माणूस. आणि काका, तुम्ही आयुष्यात पहिलं रॅप कुठलं ऐकलंत ते खरं सांगा. १९९२ चं बाबा सेहगलचं ‘ठंडा ठंडा पानी’ ना? ते अमेरिकन रॅपर व्हॅनिला आइसच्या गाण्याच्या चालीवर, आणि व्हॅनिला आइसचा बेस क्वीन हा बँड आणि डेव्हिड बोवी यांच्या गाण्याचा. सोवळ्यात कुणीच नाही.

मी रॅपकडे वळलो ते मुंबईच्या स्वदेशी ग्रुपमुळे. आरे वाचवण्यावरचं २०१९ चं ‘द वारली रिव्हॉल्ट’, त्यात मराठी. न्यूयॉर्क मला नंतर कळलं, उलट्या दिशेने. जर्सीकर, तुम्ही तिकडे कधी गेलात?

जर्सीकर

१९९६ ला, शिकायला. क्वीन्सच्या रूममेटने रकीमची कॅसेट दिली होती. आलं लक्षात तुम्ही काय म्हणणार ते.

बीट_बोक्या

म्हणजे रकीमचा अल्बम नऊ वर्षं जुना झाल्यावर, आणि तोही दुसऱ्याने हातात ठेवला म्हणून. तुम्हीही उशिराच आलात की! फरक एवढाच, तुमच्या रूममेटने तेव्हा परीक्षा घेतली नव्हती.

सुई_आणि_तबकडी

हे लागलं असणार.

जर्सीकर

लागलं. पण माघार पूर्ण घेत नाही. ती कॅसेट मलाही पहिल्या वेळी कळली नव्हती. कॅसेटमध्ये गाणं पुढे ढकलायचं म्हणजे कटकट, म्हणून ऐकत राहिलो आणि चौथ्या-पाचव्या वेळी यमकं ऐकू यायला लागली. कन्येकडे ती चौथी वेळ येतच नाही, अंगठा आधी पोचतो. बोक्या, याचं उत्तर तुझ्याकडे नाही.

वैदेही, तुमचा प्रतिसाद तिला वाचून दाखवला. "चौदा?" एवढंच विचारलं आणि खोलीत गेली. आतून शांतेच्या आवाजासारखं काहीतरी येत होतं, पण मी दार वाजवलं नाही.

गाडीपुरता तह झालाय. जाताना तिचं, येताना माझं. काल येताना तिला झोप लागली होती.