शब्द हवा आहे: मेलेली मावशी 'भात कमी शिजलाय' म्हणते, त्या कथेला काय म्हणायचं?

भाषांतरी
एका दिवाळी अंकासाठी लॅटिन अमेरिकेतली एक कथा मराठीत करतेय. मूळ स्पॅनिश, माझ्या हातात इंग्रजी. वर्षापूर्वी वारलेली मावशी भर दुपारी घरी येते, स्वयंपाकघरात नेहमीच्या जागी बसते आणि भात कमी शिजलाय म्हणते. कुणी दचकत नाही. भाची झाकण परत ठेवते, आच वाढवते. पुढची सगळी कथा घराच्या वाटणीवरून.

संपादकांना अनुक्रमणिकेत प्रत्येक कथेपुढे प्रकार लागतो: विनोदी कथा, विज्ञानकथा, गूढकथा वगैरे. त्यांनी परस्पर 'भयकथा' टाकलं होतं, ते मी काढायला लावलं. आता म्हणतात, मग तुम्हीच द्या शब्द. 'जादुई वास्तववादी कथा' माझ्या घशाखाली उतरत नाही. सुटसुटीत एखादा शब्द आहे का? शुक्रवारी पानं छपाईला जाणार आहेत.

उंबरठा
गूढकथा लिहा आणि मोकळ्या व्हा.

भाषांतरी
पण गूढ आहे कुठे? मावशी मेलीय हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकलंय. शिवाय भयकथा म्हटलं की वाचकाला धारप आठवतात, गूढकथा म्हटलं की मतकरी. तो शेवटच्या पानापर्यंत धक्क्याची वाट बघेल आणि त्याला मिळणार सातबारा.

कानामात्रा
'जादुई' हा शब्दच मुळात मराठी नव्हे. लहानपणी आपण जादूचा दिवा, जादूची अंगठी, जादूचे प्रयोग म्हणत होतो. 'जादुई दिवा' कुणाच्या तोंडी होता? हिंदी मालिका आणि साबणाच्या जाहिरातींनी हे 'ई' आपल्या गळ्यात मारलं. त्यात जादू फारसी. म्हणजे फारसी शब्द, हिंदी वळण आणि वर संस्कृत 'वास्तववाद'. धेडगुजरी.

यातुधान
जादूला फारसी म्हणून दाराबाहेर उभं करू नका. ती आपल्या यातूची चुलत बहीण आहे. वेदातला 'यातु' आणि जुन्या इराणी भाषेतला 'यातु' एकाच घरचे, त्या इराणी शब्दाची फारसीत 'जादू' झाली. माझं हे टोपणनावही तिथलंच, यातुधान म्हणजे यातू, जादूटोणा करणारा. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात, मी यातुधान असेन तर आजच मरो, अशी शपथ घेतलेली आहे. आपल्याकडच्या समाजशास्त्राच्या पुस्तकांत यातुविद्या, यातुक्रिया हे शब्द सर्रास येतात. तेव्हा 'यातुवास्तव कथा'. घ्या, सुटसुटीत.

कानामात्रा
यातुवास्तव वाचून लोकांना वाटेल एसटीच्या यातायातीवर लेख आहे.

दोनआणे
फारसी की संस्कृत हे राहू द्या. माझी तक्रार अर्थाची आहे. मराठीत जादू *करावी* लागते. कुणीतरी करतो, कुणावर तरी होते. करणी म्हणजे तर नावातच करणं आलं. चेटूक करतात, मूठ मारतात, भानामती करतात. या कथेतल्या मावशीला कुणी बोलावलंय का? ती आपली आपण आली. कर्ताच नाही तिथे जादू कसली?

आणि ज्याने 'जादुई वास्तववाद' हे नाव पाडलं त्याच्या मनात तरी गोष्टी कुठे होत्या? फ्रान्झ रो हा जर्मन कलासमीक्षक. १९२५ साली त्याने हा शब्द वापरला तो चित्रांसाठी. त्या चित्रांत कुणी उडत नव्हतं, मेलेलं कुणी परत येत नव्हतं. साधं टेबल, साधी गल्ली, पण इतक्या थंड नेमकेपणाने रंगवलेली की ओळखीची वस्तू परकी वाटावी. तो शब्द फिरत फिरत लॅटिन अमेरिकेत गेला आणि १९५५ साली आंखेल फ्लोरेस यांच्या निबंधानंतर कथा-कादंबऱ्यांना जो चिकटला तो चिकटला. आपण त्याचं शब्दशः भाषांतर करून बसलो.

सहृदय
मला 'अद्भुत' पुरेसा वाटतो. नवा शब्द कशाला पाडायचा? 'अद्भुतकथा'. वैदिक शब्दांची फोड सांगणाऱ्या यास्काने त्याची फोड 'अभूतमिव' अशी केली आहे, म्हणजे जणू न झालेलं. गंमत बघा, भूत म्हणजे झालेलं आणि अद्भुत म्हणजे जणू न झालेलं. मावशी दोन्हीकडे बसते.

दोनआणे
फोड सुरेख आहे, पण रसशास्त्रच तुमच्या विरोधात जातंय. अद्भुतरसाचा स्थायीभाव, म्हणजे त्याच्या मुळाशी असलेली भावना, कोणता? विस्मय. आणि या कथेची सगळी मेख तर घरात कुणालाच विस्मय वाटत नाही यात आहे. पोरगी झाकण ठेवते! स्थायीभावच गैरहजर असताना रस कुठून आणणार?

सहृदय
पोरीला नाही वाटत, वाचकाला वाटतो. रस सहृदयाच्या, म्हणजे रसिक वाचकाच्या ठिकाणी असतो, पात्राच्या नव्हे. नाहीतर विनोदी नाटकातल्या प्रत्येक पात्राने स्वतः हसायला हवं होतं. उलट पात्रं जितकी निर्विकार तितका वाचक जास्त चकित. भाताचं झाकण हा इथे विभाव, म्हणजे भाव जागवणारं कारण, समजा.

दोनआणे
झाकणाला विभाव म्हणणं मला फारच आवडलं, पण पटलं नाही. अशा कथा वाचताना पाचेक पानांत वाचकाचाही विस्मय संपतो. मग तो वाटणीत कुणाला काय मिळतंय ते बघायला लागतो. लेखकाला तेच हवं असतं.

मुक्तामाला
'अद्भुत' आधीच बुक आहे हो. मराठी कादंबरीच्या इतिहासात 'अद्भुतरम्य' म्हटलं की हळब्यांची 'मुक्तामाला' (१८६१) आणि तिच्या मागोमाग आलेल्या कादंबऱ्या. त्यात सगळं कसं राजेशाही, योगायोगांवर योगायोग. गंमत म्हणजे 'यमुनापर्यटन' त्याआधीची, १८५७ची, आणि ती चांगली वास्तववादी. म्हणजे आपल्याकडे आधी वास्तव आलं, मग अद्भुत. दोन्हींची गाठ पडलीच नाही.

बारावाटा
माझं नाव सुचवणीच्या पेटीत टाका: चकवाकथा.

चकवा परक्या रानात लागत नाही. लागतो तो आपल्याच शेतातून घरी येताना, रोजच्या वाटेवर. माझे आजोबा मळ्यातून निघाले आणि रात्रभर आपल्याच बांधाला फेऱ्या मारत राहिले. उजाडलं तेव्हा घर हाकेच्या अंतरावर. सकाळी चहा घेतला, परत मळ्यात गेले, कारण पाण्याची पाळी होती. अद्भुत आणि रोजचं आयुष्य एकत्र म्हणजे आणखी काय असतं?

भाषांतरी
बारावाटा, गोष्ट झकास आहे, पण 'चकवा' वाचून वाचकाला वाटेल कथेत खुनी कोण ते शेवटी कळणार. चकवणं म्हणजे फसवणं हा अर्थ फार पुढे गेलाय.

वेंगुर्लेकर
तुम्ही सगळे पुस्तकात शोधताय. आमच्या आरवलीक या. वेतोबाला लोक चामड्याच्या चपला वाहतात, हातभर लांब, नवसाच्या. सोबत केळ्यांचा घड. देव रात्री गावाच्या राखणीला फिरता म्हणान चपला झिजतत. माझे मामा बँकेत होते. देवळात गेले की जुना जोड उलटा करून अंगठ्याने तळ चाचपायचे आणि म्हणायचे, "यंदा फिरणं बरंच झालेलं दिसतं." ऑडिटचा शेरा मारावा त्या आवाजात. त्यात ना भय, ना विस्मय. याला आमच्याकडे शब्द आहे: जागृत. जागृत देवस्थान, जागृत जागा. मग 'जागृतकथा' का नको?

उंबरठा
जागृतकथा म्हणजे ग्राहक जागृतीवर काहीतरी वाटतं. पण मामा आवडले.

कॉफीहाउस
वेंगुर्लेकरांच्या मामांचा थेट क्यूबाशी संबंध लागतो. तिथला कादंबरीकार आलेहो कार्पेंतिएर १९४३ साली हैतीला गेला आणि १९४९ साली कादंबरीच्या प्रस्तावनेत त्याने हेच म्हटलं: युरोपातले अतिवास्तववादी टेबलावर बसून चमत्कार जुळवतात, आमच्याकडे तो रस्त्यात पडलेला असतो. हैतीत माकांदाल नावाच्या बंडखोर गुलामाला १७५८ साली जाळलं, पण तो रूप बदलून निसटला असं त्याच्या लोकांनी मानलं. कार्पेंतिएर 'जादू' म्हणतच नाही, तो म्हणतो 'अद्भुत वास्तव'. आणि त्याची अट अशी की आधी श्रद्धा हवी. म्हणजे सहृदय जिंकले, पण जागृतवालेही हरले नाहीत.

तर्कटी
हीच अट मला खटकते. कथाप्रकाराला भक्ताचा शब्द का द्यायचा? 'जागृत' म्हणणारा माणूस मानतो. लेखक मानतोच असं नाही, तो मानण्याची भाषा वापरतो. उद्या 'अंगात आलेली कथा' म्हणाल. आणि ज्या राज्याला २०१३ साली जादूटोण्याविरुद्ध कायदा करावा लागला तिथे 'सगळं कसं सहज, रोजचंच' हे कौतुक जरा जपून करा. करणीच्या संशयावरून ज्या बाईला मार पडतो तिच्यासाठीही ते रोजचंच असतं.

वेंगुर्लेकर
चपलांनी कुणाला मारलेलं नाही.

तर्कटी
तुमच्या मामांबद्दल मी बोललोच नाही. शब्दाबद्दल बोलतोय. आपल्या भाषेत याला सरळ 'बाहेरचं' म्हणतात. 'डॉक्टर झाले, आता बाहेरचं बघा.' तुमची मावशी मराठी घरात आली असती तर पहिल्या दिवशी भात नीट शिजवला असता आणि दुसऱ्या दिवशी कुणालातरी दाखवायला गेले असते.

मुक्तामाला
असहमत. दहाव्याला गेला आहात कधी? आमच्या काकांच्या पिंडाला कावळा शिवेना. ऊन वाढलेलं, गुरुजींना पुढे दुसरीकडे जायचं होतं, दोघांच्या हातात मोबाईल. एकेक जण पुढे होऊन हात जोडून सांगतोय: पोरीचं लग्न आम्ही करू, काकूंकडे बघू. कावळा भिंतीवर ढिम्म. शेवटी धाकटा चुलतभाऊ म्हणाला, "बाबा, गाडीचे राहिलेले हप्ते मी भरतो." शिवला. आणि हा भाऊ पक्का नास्तिक आहे. गाडीचे हप्ते मात्र त्याने खरंच भरले. कुणी कुणाला दाखवायला गेलं नाही, सगळे जेवायला गेले.

उंबरठा
हप्ते किती होते?

भाषांतरी
कावळा भारीच. पण शब्द? आणि आणखी एक अडचण सांगते. कथेत मावशीला इंग्रजीत नुसतं 'घोस्ट' म्हटलंय, एकदाच. मराठीत 'भूत' लिहिलं की भीती आलीच. 'पितर' लिहिलं तर पत्रावळ आणि पितृपक्ष. 'आत्मा' म्हणजे प्रवचन. बरं, ती मावशी आहे की आत्या हेही इंग्रजीत कळत नाही, मी मावशी केलीय.

कानामात्रा
आत्या करा. भात कमी शिजलाय हे मेल्यावर येऊन सांगेल ती आत्याच. मावशी असती तर खाऊन गेली असती.

सहृदय
तुमच्या अडचणीचं मूळ फार खोल आहे. मराठीत नुसतं, बिनजातीचं भूत नाहीच. प्रत्येकाचं वय, लिंग, जात आणि मरणाचं कारण नावातच नोंदलेलं. मुंज होऊन लग्नाआधी गेलेला मुलगा मुंजा, आणि त्याचा पत्ताही ठरलेला, पिंपळ. बाळंतपणात गेलेली हडळ. वासना राहिलेला ब्राह्मण समंध. मेल्यावरही दाखला सुटत नाही. मावशीसाठी खणच नाही या कपाटात. मी 'गेलेली मावशी' एवढंच लिहिलं असतं.

बारावाटा
खवीस राहिला.

यातुधान
खवीस अरबी. खबीस म्हणजे घाणेरडा, दुष्ट. जुने लोक खवीस म्हणजे मुसलमानाचं भूत असंच सांगायचे. म्हणजे भूतसुद्धा आपली भाषा घेऊन आलं.

कानामात्रा
खवीस चालतो आणि 'जादुई' चालत नाही असं माझं म्हणणं नाही, आधीच सांगून ठेवतो. खवीस रुळला, त्याला मराठी माणूस घाबरला. 'जादुई'ला अजून कुणी घाबरलेलं नाही.

तर्कटी
मग शब्द मराठी होण्याची कसोटी घाबरणं आहे का?

कानामात्रा
भुतांच्या बाबतीत, हो.

कॉफीहाउस
भाषांतरी, तुमच्या जागी मी 'वास्तव-अद्भुत' दिला असता. कार्पेंतिएरचा आधार आहे, विशेषण आधी की नंतर यावरून कुणी भांडणार नाही.

दोनआणे
भांडणार. वास्तव-अद्भुत हा द्वंद्व की कर्मधारय? द्वंद्व असेल तर दोन्ही वेगवेगळी उभी राहिली, मग कथेचा जीवच गेला.

मुक्तामाला
कंसातला प्रकारच काढून टाका म्हणावं संपादकांना. नुसतं 'अनुवादित कथा'.

भाषांतरी
तसं विचारलं. म्हणाले, अनुवादितचा विभाग वेगळा आहे आणि तो भरलाय.

बारावाटा
सहृदय, ते 'समंध' म्हणजेच 'संबंध' ना? आमच्याकडे ब्रह्मसंबंध म्हणतात. घराशी, ठेव्याशी संबंध तुटला नाही म्हणून तो समंध. वडील असंच सांगायचे.

सहृदय
'ब्रह्मसमंध' हेच बरोबर. संबंध ही मागाहूनची सारवासारव दिसते.

वेंगुर्लेकर
सारवासारव कसली? आमच्याकडे म्हातारी माणसं आजही नात्यालाच समंध म्हणतात. "तुझो नि माझो समंध काय?" उच्चार एकच, भूत वेगळं कुठून आलं?

यातुधान
संबंधचा समंध होणं मराठीच्या चालीला धरूनच आहे. पण मग भूत आधी की नातं आधी?

कानामात्रा
यासाठी वेगळा धागा काढा. आणि काढलात तर शीर्षकात 'समंध'वर अनुस्वार नीट द्या, मागच्या वेळी 'समध' झालं होतं.