बाळाच्या बेंबीचा हर्निया: थांबावं की काही करावं? मदत हवी आहे

नमस्कार. माझा मुलगा चार महिन्यांचा आहे. आठव्या महिन्यातच झाला, वजनही कमी होतं. नाळ पडल्यावर थोड्याच दिवसांत बेंबी वर यायला लागली. झोपेत असला की तिथे नुसती सैल कातडी दिसते. रडला किंवा शी करताना कुंथला की लिंबाएवढी टम्म फुगते. शांत झाल्यावर बोटाने हलकं दाबलं की गुडगुड आवाज होऊन आत जाते. दुखत नसावं, कारण दाबतानाही तो माझ्याकडे बघून हसतो. दूध नीट पितो, उलट्या नाहीत.

डॉक्टरांनी तपासून बेंबीचा हर्निया सांगितला. म्हणजे बेंबीमागच्या स्नायूंत फट राहते आणि तिच्यातून आतडं पुढे येतं. ही आतली फट साधारण एक सेंटिमीटर आहे, सध्या काही करायचं नाही म्हणाले. मला ते पटलंय, पण तो रडायला लागला की जीव खालीवर होतो. सासूबाई म्हणतात, नाणं ठेवून पट्टा बांध, आमच्या मुलांची बेंबी तशीच बसली. त्या काळजीपोटीच सांगतात, त्यामुळे नुसतं ‘नको’ म्हणून भागत नाही.

पट्ट्याने खरंच फरक पडतो का? रडल्याने फट वाढते का? ऑपरेशन लागलंच तर कोणत्या वयात करतात? ज्यांनी हे पाहिलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद १
ताई, माझ्या मुलीला हेच होतं. पोटात असताना नाळेच्या रक्तवाहिन्या पोटाच्या स्नायूंमधल्या एका कड्यातून जातात. जन्मानंतर ते कडं मिटतं, काही बाळांत वेळ लागतो. लवकर जन्मलेल्या आणि कमी वजनाच्या बाळांत हे जास्त दिसतं. बाहेरचा फुगवटा बघून घाबरू नका, महत्त्वाची असते ती आतली फट. एक सेंटिमीटरच्या आसपासची फट बहुतेक मुलांत चार-पाच वर्षांपर्यंत आपोआप बुजते. रडल्याने ती मोठी होत नाही, फक्त फुगवटा दिसतो.

पट्टा मात्र बांधू नका. कडं कडेकडेने मिटत यावं लागतं, वरून नाणं दाबून ते होत नाही. खाली घाम साचतो, कातडी सोलवटते, जंतुसंसर्ग होऊ शकतो. सासूबाईंच्या मुलांची बेंबी वय वाढलं तशी बसली असणार, पट्टा नसता तरी बसलीच असती. त्यांना पुढच्या तपासणीला सोबत न्या. आमच्याकडे डॉक्टरांनी आजीचं बोट धरून फटीची कड दाखवली, त्यानंतर तो विषय परत निघाला नाही.

माझ्या मुलीची फट दोन सेंटिमीटरच्या वर होती. एवढी मोठी फट आपोआप मिटण्याची शक्यता कमी असते, म्हणून पाच वर्षांची झाल्यावर ऑपरेशन केलं. पूर्ण भूल देऊन बेंबीच्या घडीत छोटा छेद घेतात आणि कडं टाक्यांनी शिवतात. लहान मुलांत सहसा आधारासाठी कृत्रिम जाळी बसवत नाहीत. त्याच दिवशी घरी आलो. खरं सांगायचं तर भुलेआधी उपाशी ठेवायचे तास जास्त कठीण गेले.

प्रतिसाद २
वरचं सगळं बरोबर आहे, पण एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. फुगवटा कडक झाला, लाल किंवा काळानिळा पडला, शांत असतानाही आत जात नसेल, हात लावताच बाळ कळवळत असेल, उलट्या होत असतील किंवा पोट फुगलं असेल, तर आतडं अडकलेलं असू शकतं. हे क्वचितच होतं. झालंच, तर जोर लावून आत ढकलत बसू नका, वेळ न घालवता हॉस्पिटल गाठा.

आणि फुगवटा जांघेत दिसला तर तो वेगळा हर्निया. तो आपोआप बरा होत नाही, लगेच दाखवावा लागतो.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. सासूबाईंना पुढच्या लसीच्या वेळी सोबत नेते. अजून एक विचारायचं होतं: जागा असताना त्याला पालथं घातलं तर चालेल ना?

प्रतिसाद १
हो, समोर बसून खुशाल घाला. आमचीलाही घालत होतो. झोपवताना मात्र उताणंच.