‘लादेनला मारलं, काम संपलं’ म्हणे! मग पुढची दहा वर्षं काय चाललं होतं?

निशिगंध: “अमेरिका लादेनसाठी अफगाणिस्तानात गेली, त्याला मारून परतली, यात धरसोड कसली?” हे रोखठोक यांचं वाक्य वाचून राहवलं नाही. लादेन मेला २ मे २०११ला. काबूलहून शेवटचं विमान उडालं ३० ऑगस्ट २०२१ला. एप्रिल २००२मध्ये बुश मार्शल योजनेचा (दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेने युरोप उभा करायला दिलेल्या मदतीचा) दाखला देत होते, वर्षभरात सगळं लक्ष इराककडे. २००९मध्ये ओबामांनी ३० हजार जादा सैनिक जाहीर केले आणि त्याच भाषणात माघार कधी सुरू होणार तेही सांगून टाकलं. तालिबानला नुसती वाट पाहायची होती. शेवटी बायडन म्हणाले, आम्ही देश उभारायला गेलोच नव्हतो!

रोखठोक: परिस्थिती बदलली की धोरण बदलतंच. अफगाण फौजच लढली नाही, त्याला कोण काय करणार?

निशिगंध: लढली नाही? आपल्या कारकिर्दीत ४५ हजारांहून जास्त जवान मेल्याचं तेव्हाचे अफगाण राष्ट्राध्यक्ष घनींनी जानेवारी २०१९मध्ये सांगितलं होतं. मेलेल्यांबद्दल तरी नीट बोला.

घाटवाट: माझे काका भारताने अफगाणिस्तानात बांधलेल्या झरंज-देलाराम रस्त्याच्या कामावर होते. २१८ किलोमीटर. सकाळी हजेरी घेताना एखाद्या नावाला ‘हाजिर’ आलं नाही, की सगळे मान खाली घालून उभे राहायचे, असं ते सांगतात. ६ ऑगस्ट २०२१ला सगळ्यात आधी पडलेली प्रांतिक राजधानी झरंजच. काका टीव्हीसमोरून उठलेच नाहीत.

रोखठोक: काकांबद्दल आदर आहे, पण विषय अमेरिकेचा आहे. तिच्या जिवावर रस्ता बांधायला आपल्याला कोणी सांगितलं होतं?

घाटवाट: तिच्या जिवावर? अफगाणांना कराचीवर अवलंबून राहावं लागू नये, इराणमधलं चाबहार बंदर गाठता यावं, म्हणून बांधला तो. त्या चाबहारला अमेरिकेने २०१८त इराणवरच्या निर्बंधांतून सूट दिली, सप्टेंबर २०२५त काढून घेतली, महिन्याभरात सहा महिन्यांपुरती आपल्याला परत दिली. यावर कोणी बंदर चालवायचं कसं? माणसं तिथे जीव धोक्यात घालून राबली आहेत, जरा जपून लिहा.

रोखठोक: बरं, दोहाचं मान्य करतो. २९ फेब्रुवारी २०२०चा तालिबानशी करार काबूल सरकारला बाहेर ठेवून केला, वर त्याच सरकारच्या कोठडीतले पाच हजार कैदी सोडायचं कबूल केलं. ते चुकलंच. पण माघार चूक नव्हती, यावर मी ठाम आहे.

निशिगंध: माघारीला माझाही विरोध नाही. पण जुलै २०२१त अमेरिकेने बाग्रामचा हवाई तळ रात्रीतून रिकामा केला आणि अफगाण सेनापतीला ते काही तासांनी कळलं. हे कोणत्या बदललेल्या परिस्थितीत बसतं, तेवढं सांगा.