आजारी आजीजवळून न हलणारी मांजर : मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही यावल तालुक्यात राहतो. माझ्या ८१ वर्षांच्या आजीने पंधरवड्यापासून अंथरूण धरले आहे आणि तेव्हापासून आमची मनी, जी एरवी केळीच्या बागेत उंदरांमागे दिवस काढायची, ती खाटेच्या पायथ्याशी, नेमकी आजीच्या सुजलेल्या डाव्या पावलाला पाठ टेकून बसून असते. दूध-भाकरीची ताटलीही तिथेच नेऊन ठेवावी लागते. भेटायला येणाऱ्या बायका हा अपशकुन मानून तिला हाकलायला सांगतात. आजीला मात्र ती हवी असते.

अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स येथील एका शुश्रूषागृहातला ऑस्कर नावाचा बोका मरणासन्न रुग्णांजवळ जाऊन बसतो, असे डॉ. डेव्हिड डोसा यांनी २००७ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये लिहिले होते. ते वाचल्यापासून (वाचायला नको होते) माझी झोप उडाली आहे. मांजराला आजारी शरीराचा बदललेला वास कळत असेल, की या थंडीत दिवसभर उबदार राहणारे अंथरूण एवढेच कारण असेल?

दुसरी अडचण अधिक निकडीची आहे. आजीला मधुमेह असून टाचेला जखम आहे, आणि मनी कधीकधी ती पट्टी चाटते. आजीचे मन न दुखवता तिला जखमेपासून दूर कसे ठेवावे, हे पशुवैद्यांनी किंवा घरी असा रुग्ण सांभाळलेल्यांनी कृपया सांगावे.