अनुभव धागा: घरात आणलेलं वांड, ओरडं मांजर तुमच्याकडे कसं रुळलं?

भोंग्याची आई (लोकमान्य नगर, इंदूर)

नमस्कार मंडळी. दहा दिवसांपूर्वी आमच्या पार्किंगमध्ये एका गाडीच्या बॉनेटमधून मांजराचं पिल्लू निघालं, निघालं म्हणजे मेकॅनिकला बोलवून काढावं लागलं, ऑइलने काळंकुट्ट. बोका आहे. डॉक्टरांनी तोंड उघडून बघितलं, पुढचे पक्के दात आलेत म्हणाले, म्हणजे चारेक महिन्यांचा असेल. नाव भोंगा ठेवलंय, कारण दुसरं काही सुचलंच नाही. दिवसभर दिवाणाखाली दडून असतो आणि रात्री साडेतीनला जो सूर लावतो तो सहापर्यंत. ओरडणं, मग हॉलमधून स्वयंपाकघरात धूम, ओट्यावर उडी, डबे खाली, परत ओरडणं. सकाळी कचरागाडी गाणं वाजवत गल्लीत आली की हा पडद्यावरून सरसर चढून पेलमेटवर, मग खाली काढायला स्टूल घ्या. ह्यांची पिथमपूरला ड्युटी, पहाटे कंपनीची बस, त्यामुळे घरात सध्या माझ्याशी कुणी नीट बोलत नाहीये.

सोडून देणार नाही हे आधीच सांगते. सल्ले पण नकोत खरं तर, मोबाइलवर ढिगाने मिळतात. ज्यांनी असलं मांजर घरी आणलंय त्यांनी आपल्याकडे काय काय झालं ते लिहा, चुकांसकट.

रामबागकर

ताई, सल्ला नको म्हणालात तरी एक विचारतो, त्याला पहिल्याच दिवशी अख्खं घर मोकळं दिलंत का? आम्ही तेच केलं होतं. आमचं जुनं घर, माळा, कोनाडे, मागचा जिना, ती मांजरी जी माळ्यावर गेली ती तीन दिवस फक्त आवाजाने कळायची. शेवटी माळ्यावरून काढून देवघराशेजारच्या अडगळीच्या खोलीत ठेवली. एका कोपऱ्यात वाळूचं घमेलं, त्याच्या अगदी विरुद्ध कोपऱ्यात खाणं-पाणी (जिथे जेवायचं तिथेच शी करायला त्यांनाही आवडत नाही), आणि एक खोकं आडवं करून त्यात माझा जुना स्वेटर, न धुतलेला. धुतलेला नाही हे मुद्दाम, माणसाच्या वासाची सवय व्हावी म्हणून. बायको म्हणाली तुमचा वास घेऊन ती अजून पळेल.

मी रिटायर्ड माणूस, रोज संध्याकाळी तासभर तिथे चटई टाकून पेपर मोठ्याने वाचायचो. तिच्याकडे बघायचंच नाही, हात पुढे करायचा नाही. पहिले दोन दिवस खोक्यातून फिस्कारणं. तिसऱ्या दिवशी फक्त कान बाहेर. पाचव्या दिवशी येऊन बरोबर मी वाचत होतो त्याच बातमीवर बसली, आणि मी हललो नाही, पाय मुंग्या येऊन बधिर झाला तरी हललो नाही. मग हळूहळू एकेक खोली उघडत गेलो. पूर्ण घर फिरायला तिला तीन आठवडे लागले आणि खरी आपली वाटायला दोन-तीन महिने. तुमचे तर दहाच दिवस झालेत.

पोहे_जिलबी

खोलीचं +१. आमच्याकडे फ्लॅट लहान म्हणून बाथरूममध्ये ठेवलेला आठ दिवस. आंघोळीला सगळे शेजारी काकूंकडे 😀

सुदामा नगरची काकू

अगं भोंग्याची आई, साडेतीनचं मी सांगते तुला, कारण ती चूक आम्ही स्वतःच्या हाताने केलेली. आमची चिमणी आली तेव्हा पहिल्या रात्री ओरडली, मला वाटलं भूक लागली, उठले, वाटीत दूध दिलं. दुसऱ्या रात्री त्याच वेळेला परत, परत दूध. म्हणजे मीच तिला शिकवलं ना की या वेळेला ओरडलं की बाई उठते! वर दुधाने पोट बिघडलं ते वेगळंच. डॉक्टर म्हणाले की बहुतेक मांजरांना गाई-म्हशीचं दूध पचत नाही, आपण आपलं चित्रातली मांजर आणि दुधाची वाटी बघून बघून देत बसतो.

मग ठरवलं उठायचं नाही. पहिली रात्र, दुसरी, तिसरी, आवाज कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेला, दार खरवडणं सुरू, मी कानावर उशी. पाचव्या रात्री आमच्या ह्यांनी हाय खाल्ली, उठून दार उघडून तिला कडेवर घेऊन "काय झालं माझ्या बाईला" वगैरे. झालं, पाच रात्रींची कमाई पाण्यात, आणि आता तिला कळलं की जास्त जोरात ओरडलं की दार उघडतं. दुसऱ्या खेपेला ह्यांना आधी शपथ घालून झोपवलं आणि तेव्हा नऊ-दहा दिवसांत थांबलं.

पण नुसतं दुर्लक्ष करून होत नाही हं, दिवसाचं पण बदलावं लागलं. ती दिवसभर झोपायची आणि आम्ही दहाला टीव्ही बंद करून आडवे झालो की तिची सकाळ. मग मी रात्री साडेनऊला एका काठीला जुन्या ओढणीची पट्टी बांधून तिला पळवायला लागले. नुसती हवेत हलवायची नाही, जमिनीवरून सरपटत न्यायची, सोफ्यामागे लपवायची, उंदीर पळतो तशी, मग ती दबा धरते, मागचा भाग हलवते आणि झेप. पंधरा-वीस मिनिटं, जीभ बाहेर यायच्या आत थांबायचं, शेवटी पट्टी तिला पकडू द्यायची आणि लगेच रात्रीचं मोठं जेवण. शिकार, जेवण, अंग चाटणं, झोप, हा त्यांचा क्रम आहे. पहाटे आणि तिन्हीसांजेला त्यांच्या अंगात वारं शिरतंच, ते आपण बदलू शकत नाही, थोडं मागेपुढे ढकलू शकतो एवढंच. काठी-पट्टी नंतर कपाटात ठेवायची, हे महत्त्वाचं. आमच्या नणंदेच्या मांजराने लोकरीचा धागा गिळला होता, आतड्यात अडकला, ऑपरेशनवर गेलं.

मालवी_मिरची

काकू, "जीभ बाहेर यायच्या आत" मांजराची की तुमची?

सुदामा नगरची काकू

माझी गं बाई. मी ६३ वर्षांची आहे.

दुसरा मजला

आमच्या गौरीचा आवाज असा होता की खालचे विचारायला आले, सूनबाईंना बाळ झालं का, कळवलं नाहीत. पांढरीशुभ्र, दोन्ही डोळे निळे, सात-आठ महिन्यांची असताना सराफ्यामागच्या गल्लीतून आणलेली. ओरडणं म्हणजे एकच लांब सपाट आवाज, त्याला चढ नाही उतार नाही. आम्ही खोलीत ठेवून बघितलं, खेळवलं, पोटभर दिलं, काही फरक नाही. आणि मागून हात लावला की दचकून बोचकारायची, त्यामुळे घरात सगळ्यांचं मत की ही दुष्ट आहे.

मग रंगपंचमी आली. गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, आमच्या गॅलरीखालून जाते, ज्यांनी बघितलीय त्यांना माहितीये, ढोल-ताशे, डीजे, टँकरमधून तीन मजले उडणारा रंग, माणसांची रेटारेटी. शेजारच्यांचा कुत्रा पलंगाखाली थरथरत होता आणि आमची बाई खिडकीतल्या गादीवर पोट वर करून झोपलेली. सासरे म्हणाले, हिला ऐकू येतं का रे? त्या रात्री ती झोपलेली असताना मी तिच्या डोक्यामागे स्टीलच्या ताटावर पळी मारली. कान सुद्धा हलला नाही. झोपलेल्या मांजराचा कान हलला नाही म्हणजे काय ते मांजरवाल्यांना कळेल. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की पांढरी आणि निळ्या डोळ्यांची मांजरं बरेचदा जन्मतः बहिरी असतात. स्वतःचाच आवाज ऐकू येत नसेल तर किती मोठ्याने बोलतोय हे कळणार कसं.

त्या ताटाचा आवाज आठवला की अजून मला वाईट वाटतं, सहा आठवडे आपण हिला ओरडून गप्प करत होतो. आता खोलीत शिरायच्या आधी दिवा एकदा बंद-चालू करतो किंवा जमिनीवर पाय आपटतो, हादरा तिला कळतो. बोचकारणं पूर्ण थांबलं. ओरडणं आहे तसंच आहे, फक्त आम्हाला त्रास होत नाही. बाहेर मात्र कधीच सोडत नाही.

विजयनगर_फ्लॅट

आमचं अगदीच येडपटासारखं झालं. भाटी आणली, पाच महिन्यांची, महिनाभर गुणी बाळ. मग एके दिवशी जे सुरू झालं, जमिनीवर लोळते काय, शेपटी बाजूला करून मागचा भाग वर काय, आणि रडणं असं की मला वाटलं पोटात काहीतरी फुटलंय. रात्री अकराला डॉक्टरांना फोन. त्यांनी व्हिडिओ मागवला, दोन मिनिटांनी हसतच फोन केला, "माजावर आलीये, तिला काही झालं नाही." इतक्या लहान वयात येतात हे आम्हाला माहीतच नव्हतं. खाली कंपाउंडवर तीन बोके हजर, वॉचमनदादा वैतागलेला. आठवड्याने थांबलं, आम्ही हुश्श केलं, दोन-अडीच आठवड्यांनी परत! ऑपरेशन होईपर्यंत हे असंच चालतं म्हणे. नसबंदी केल्यावर आवाज गेला. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात प्लास्टिकचं ते नरसाळं घातलं होतं, ते तिने एका दिवसात काढलं, मग माझ्या जुन्या लेगिंगचा पाय कापून चार भोकं पाडून अंगात घातला. फोटो काढले नसते तर बरं झालं असतं, अजून माफ केलेलं नाही.

भोंग्याला पण पाच-सहा महिन्यांचा झाला की करून घ्या, नाहीतर पडद्यावर पिचकारी मारेल.

इंदुरी_भिया

मांजर हवंच कशाला घरात? आडवं गेलं की कामं अडतात.

पोहे_जिलबी

भिया, आमच्याकडे दिवसातून चाळीस वेळा आडवं जातं, कामं करायला वेळच मिळत नाही.

छत्रीबागेतली

कचरागाडी!! मला वाटायचं आमचाच असा आहे. आमचा टिल्लू गाणं लांबून ऐकू आलं की कपाटावर, आणि इंदुरात राहून गाडी टाळणार कशी, रोज येते. मुलाने गाण्याचं रेकॉर्डिंग केलं मोबाइलवर. अगदी बारीक आवाजात, म्हणजे आपल्याला जेमतेम ऐकू येईल एवढं, लावायचं आणि त्याच वेळी उकडलेल्या चिकनचे दोन तुकडे. गाणं बंद, चिकन बंद. कान मागे गेले की आवाज परत कमी. दोन-तीन दिवसांनी एक घर वाढवायचा. अडीच आठवडे लागले. आता गाडी आली की सगळ्यात आधी तोच दारात, सफाईवाल्या दादांना वाटतं त्यांच्यासाठी येतो, आम्ही काही बोलत नाही.

त्याच्या वाळूचा कचरा मी ओल्यात टाकलेला तर डबा परत आला होता. सॅनिटरीच्या डब्यात द्या म्हणाले, डायपर वगैरे जातात त्यात, ते घेतात.

आजीचा_नातू

आमचं घर शुद्ध शाकाहारी, चातुर्मासात कांदा-लसूण पण बंद, आणि मी मांजर आणलं. ते सारखं ओट्यापाशी उभं राहून ओरडायचं आणि आजी त्याला दही-भात द्यायची. खायचं पण तासाभरात परत ओरडायचं, बारीक होत चाललेलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, कुत्रा एक वेळ चालवून घेईल, मांजर नाही, मांसातलं टॉरिन नावाचं पोषकद्रव्य मिळालं नाही तर हृदयाला आणि डोळ्यांना धोका. घरी आठ दिवस शीतयुद्ध. तोडगा असा निघाला की पाकिटातलं खाणं, गॅलरीत, वेगळी वाटी, वेगळा चमचा, चमचा घरात येणार नाही. आता आजी स्वतः गॅलरीत खुर्ची टाकून बसते आणि पाकीट संपत आलं की मला ऑफिसात फोन करते, "त्याचं ते संपलंय." ते म्हणजे काय ते उच्चारत नाही. लसूण शेव मात्र कुणी देऊ नका, कांदा-लसूण मांजराच्या रक्ताला वाईट.

तिलकनगर_७

फिनाइलचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. आमची लादी पुसून झाली की मांजर ओरडत सैरावैरा पळायचं, आम्ही म्हणायचो ओली लादी आवडत नाही, नखरे. एक दिवस तोंडातून लाळ गळायला लागली. दवाखान्यात पहिला प्रश्न, लादी कशाने पुसता? पंजाला लागतं, मग ते पंजे चाटतात, आणि त्यांच्या लिव्हरला ते झेपत नाही. जिभेवर फोड आले होते. वाचली. तेव्हापासून साधं पाणी आणि थोडा साबण. कपाटातल्या डांबरगोळ्या पण काढून टाकल्या.

आणि ओरबाडलं, चावलं तर आधी वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. माझ्या भाचीने चार दिवस घरात सांगितलंच नव्हतं.

भोंग्याची आई

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद, चार आठवड्यांनी येतेय, रागावू नका.

रामबागकर काका, तुमचं वाचून त्याच दिवशी त्याला मधल्या खोलीत हलवला. पेपर सासूबाईंनी वाचला नाही, पण त्या तिथे बसून शेंगा सोलायला लागल्या. एक शेंग घरंगळत गेली, त्याने पंजाने परत ढकलली, त्यांनी पुन्हा टाकली, तासभर हेच. आता रोज चारला त्या "शाळा" भरवतात. अर्ध्या शेंगा सोफ्याखाली.

ताटावर पळी मारून बघितली, ऐकू येतंय, उगाच पळवला बिचाऱ्याला. फिनाइल बंद केलं. कचरागाडीचं चालू आहे, पेलमेटवरून पडद्याच्या मध्यापर्यंत आलोय. साडेतीनचं मात्र काकू, तुमच्यासारखंच घडलं, सहाव्या रात्री हे उठले. पुन्हा पहिल्यापासून. आता ओरडणं पावणेपाचला सुरू होतं आणि ह्यांची बस सव्वापाचला, त्यामुळे ह्यांनी मोबाइलचा अलार्म काढून टाकलाय. रविवारचं काय करायचं ते त्याला कसं सांगायचं हे कुणाला माहीत असेल तर लिहा.

मालवी_मिरची

फोटो?

भोंग्याची आई

तीन वेळा पुसला, ऑइल निघालं, खालून पण काळाच निघाला. काळ्या सोफ्यावर आहे, दोन डोळे दिसले तर सांगा.